माळवदावरचा बर्फ

नासिहचं दुकान कानीसेव गावात मशिदीखालच्या बोळात होतं. ओळखपत्राचे फोटो, लग्नाचे अल्बम, आणि गेलेल्या माणसाचा जुना फोटो मोठा करून त्याच्यामागे गुलाबाची बाग चिकटवून देणं, यावर त्याचं घर चालायचं. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तो हनुवटीला धरून मान सरळ करायचा, मिशी नीट करायला लावायचा, आणि गंभीर माणसाला हसवायच्या भानगडीत कधी पडायचा नाही. चाळिशी उलटली होती, कपाळ मागे सरकलं होतं, गावात कुणाशी वाकडं नव्हतं. त्याची बायको चिमन म्हणायची, हा माणूस इतका मऊ की लोणी म्हणून भाकरीला लावला तरी तक्रार करायचा नाही.

वेड मात्र एक होतं, बर्फाच्या फोटोंचं. बर्फ पडून थांबला की या लोण्याचा दगड व्हायचा. कॅमेरा कोटाच्या आत छातीशी धरून, कारण गारठ्याने बॅटरी मरते, तो गावासमोरच्या डोंगराच्या धारेवर चढायचा आणि हात बगलेत घालून बसायचा. ताज्या बर्फावर पाऊल पडायच्या आत, वाऱ्याने तो विस्कटायच्या आत, ऊन तिरपं असेतोवर फोटो काढायचा असतो. तेवढ्या वेळात बर्फ आधी निळा असतो, मग गुलाबी होतो, मग नुसताच पांढरा. हे तो चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला थांबवून सांगायचा. अक्रोडाच्या फांद्यांवर बसलेला बर्फ, गोठलेल्या झऱ्याच्या कडा, अर्धं बुडालेलं शेळ्यांच्या वाड्याचं कुंपण, असे कितीतरी फोटो दुकानाच्या भिंतीवर होते. गावाचा एक फोटो मात्र त्याला काही केल्या साधत नव्हता.

साधणार कसा? कानीसेव डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी बसलेलं. खालच्याचं माळवद तेच वरच्याचं अंगण. सगळी माळवदं सपाट, मातीची. वर बर्फ थांबला की माती पाणी पिते, वासे वाकतात, आणि एखाद्या दिवशी सगळंच खाली येतं. म्हणून बर्फ थांबला की उजाडायच्या आत माणसं लाकडी फावडी घेऊन वर चढतात. आधी माळवद, मग चहा. पोटात दुखो नाहीतर सासरा मरो, माळवद आधी. ज्या घरात कर्ता पुरुष नाही तिथलं माळवद शेजारी आधी साफ करतात, मग आपलं. आणि ज्या घरावर बर्फ तसाच राहिला, धुराडंही थंड पडलं, त्या घरात माणूस उरला नाही हे कुणाला सांगावं लागत नाही. बायका भांडता भांडता अगदी टोकाला गेल्या की शेवटचा शाप हाच देतात, तुझ्या माळवदावर बर्फ राहो. हा शाप तोंडातून गेला की भांडण जागच्या जागी थांबतं, आणि जिने दिला तिच्या दारी मग महिनाभर कुणी विस्तव मागायलासुद्धा येत नाही.

तेव्हा नासिह धारेवर बसून उन्हाची वाट बघायचा तोवर गाव खरवडून मोकळं झालेलं असायचं. चहूकडे पांढरंशुभ्र, आणि मध्ये गाव करपलेल्या भाकरीसारखं. असा एक फोटो त्याने शहरातल्या एका प्रदर्शनात दिला होता. तिथे एका चष्मेवाल्या बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, छान आहे हो, पण गाव खरवडल्यासारखं दिसतंय. बाई पुढच्या फोटोकडे गेल्या, आणि नासिह ते वाक्य घेऊन घरी आला. नको त्या माणसाचं नको ते बोलणं घरी घेऊन यायची काही माणसांना खोडच असते.

गावाच्या टोकाला, बाकीच्या घरांपासून थोडं सुटून, एका उंचवट्यावर दाया खावरचं घर होतं. दाया म्हणजे आई. खावर म्हातारी, सगळ्या गावाचीच दाया. नवरा जाऊन खूप वर्षं झालेली, मुलगा एकच, रेबीन. रेबीन आणि नासिह एका पाटीवर शिकले, एका शेतातल्या तुती चोरून खाल्ल्या. रेबीन जर्मनीला गेला, हँबर्गमध्ये एका बेकरीत लागला. निघताना गाडीत बसल्यावर त्याने काच खाली केली आणि एवढंच म्हणाला, "दायाचं माळवद तुझं." नासिहने आमच्या रीतीप्रमाणे डोळ्याला बोट लावलं. डोळ्यांवर, म्हणजे तुझा शब्द माझ्या डोळ्यांवर.

आणि त्याने तो पाळला. दरवेळी आधी दायाचं माळवद, मग स्वतःचं. वर फावड्याचा आवाज आला की दाया खाली अंथरुणातून उठायची आणि चिमट्याने शेगडीची नळी वाजवायची. तो टणटणाट धुराड्यातून वर यायचा. म्हणजे, कळलं बाबा तू आलास, चहा ठेवते. गावातल्या आया आपल्या पोरांना नासिहचं उदाहरण द्यायच्या. रेबीन गेला, पण नासिह आहे ना, मग म्हातारीला काय कमी, असं चारचौघांत म्हटलं जायचं, आणि ते कानावर आलं की नासिहला ऊब यायची. दायाचं माळवद ही त्याची गावातली अब्रू होती, हे त्यालाही माहीत होतं.

त्या वर्षी बर्फ उशिरा आला, पण आला तो सगळी कसर भरून काढत. दिवसभर आणि रात्रभर पडला आणि पहाटेच्या आधी थांबला. नासिह हातात फावडं आणि कोटात कॅमेरा घेऊन दायाच्या घराशी आला. वर चढायला पाय उचलला आणि तसाच थांबला. माळवदावर बर्फाची जाड गादी होती, कावळ्याचं पाऊलसुद्धा न उमटलेली. मागे म्हातारा अक्रोड फांदीफांदीने पांढरा, त्याच्यामागे डोंगर. धारेच्या वळणावरून बघितलं तर या घराशिवाय गावातलं दुसरं एकही माळवद दिसणार नव्हतं. इतक्या वर्षांत हे आपल्या लक्षात कसं आलं नाही? कसं येणार? इतकी वर्षं पहिलं फावडं इथे त्यानेच मारलं होतं.

त्याने फावडं भिंतीला टेकवलं. ऊन आता येईलच, एक फोटो काढतो आणि लगेच साफ करतो, तेवढ्यात कुठला वासा मोडतोय, असं त्याने मनाला समजावलं. मन काय, आपल्या सोयीचं लगेच ऐकतं.

तेवढ्यात शेजारचा रऊफ स्वतःचं माळवद उरकून खांद्यावर फावडं टाकून आला. रऊफ म्हणजे गावाची जीभ. कुणाची पाठ धरली, कुणाच्या घरात डाळ करपली, सगळ्यावर त्याचं काहीतरी म्हणणं असायचंच. पण कामाला वाघ. आमच्याकडे बरोबरीच्या माणसाला काक, म्हणजे भाऊ, म्हणतात.

"काय काक नासिह, फावड्याला टेकू देतोयस की फावडं तुला? हो बाजूला, मी करतो."

"राहू दे काक रऊफ," नासिह म्हणाला, "हे माळवद माझं आहे."

"तुझंच आहे बाबा, कोण पळवतंय," असं म्हणून रऊफ हसत हसत चहाला गेला.

नासिह धारेवर जाऊन बसला, आणि ऊन आलंच नाही. पूर्वेला ढगाची एक पट्टी आडवी पडली ती हलेना. गावात फावड्यांचे आवाज थांबले, भाकऱ्यांचा वास सुटला. तो दोनदा उठला, आणि दोन्ही वेळा ढगाला जराशी फट पडली आणि तो परत बसला. बोटं बधिर झाली होती. दायाच्या धुराड्यातून धूर निघून नेमका अक्रोडावर पसरत होता, आणि त्या धुराचा त्याला राग येत होता. आपल्याला राग कशाचा येतोय, हे त्या क्षणी कुणी त्याला विचारायला हवं होतं. पण धारेवर दुसरं कुणी नव्हतं, आणि कॅमेऱ्यामागे बसलेला नासिह कानीसेवचा राहत नसे.

दुपार व्हायला आली तेव्हा ढग फाटला. हिवाळ्यातलं ऊन तेव्हाही तिरपंच होतं. माळवदावरचा बर्फ आतून दिवा लावल्यासारखा उजळला. नासिहने फोटो काढले आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यात एवढं चांगलं काही आपल्या हातून झालं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

मग तो धावत खाली आला आणि फावडं उचललं. बर्फ ओला होऊन शिशासारखा जड झाला होता आणि खालची माती लिबलिबीत. काम संपवून तो आत गेला तर आढ्याला ओल धरली होती, आणि घड्या घालून ठेवलेल्या अंथरुणांवर पाणी ठिबकू नये म्हणून दायाने मध्ये तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं. ती त्याच्याशेजारी शाल गुंडाळून बसली होती.

"मी किती वेळ चिमटा वाजवला," ती म्हणाली. "वर कुणी नव्हतं. मग वाटलं, लेकराला काही झालं की काय."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. नासिहच्या तोंडून आपसूक निघालं, "गुडघा धरला होता, दाया."

"कुठला?"

तो क्षणभर अडखळला आणि डावा पुढे केला. दायाने त्याला शेगडीजवळ बसवलं, वाटीत मेंढीची चरबी कढवली आणि आपल्या वाकड्या झालेल्या बोटांनी गुडघा चोळला. मग आपल्या जुन्या लोकरी पट्ट्यातली एक पट्टी फाडून बांधली. वरून घंगाळात थेंब पडत होते. नासिहला तिच्या हाताकडे बघवेना आणि पाय ओढून घेण्याचीही सोय नव्हती. चहा पिऊन तो निघाला तेव्हा दाया दारात उभी होती, म्हणून वळणापर्यंत तो लंगडत गेला. वळणाच्या पलीकडे सरळ चालू लागला, आणि सरळ चालायचीच त्याला लाज वाटली.

पण लाज ही अशी वस्तू आहे की दुसरं काही हाती लागलं की माणूस ती खाली ठेवतो. बर्फाने विजेच्या तारा तुटल्या होत्या, मोबाईलचा टॉवर मेला होता, तरी कॉम्प्युटरमध्ये थोडी बॅटरी होती. संध्याकाळी दुकानाचं दार लावून त्याने फोटो उघडला. सगळं जमलं होतं. फक्त ते धुराडं आणि त्यातून निघालेला करडा ओरखडा. मेलेल्यांच्या मागे गुलाबाच्या बागा लावणाऱ्याला हे काय अवघड? त्याने धूर पुसला. धुराडं एकटं विचित्र दिसायला लागलं म्हणून तेही पुसलं. आता निखळ पांढरं माळवद राहिलं, आणि नासिह बॅटरी संपेपर्यंत त्याच्याकडे बघत बसला.

रस्ता मोकळा झाल्यावर तो पिठाच्या गाडीत बसून शहरात गेला, कागद आणि शाई घ्यायला. तिथे मोबाईल चालू झाला, तेव्हा त्याने फोटो इंटरनेटवरच्या आपल्या पानावर टाकला आणि खाली लिहिलं: कानीसेव, बर्फानंतर. चहा पिऊन होईपर्यंत माणसं तुटून पडली होती. कुणी स्वर्ग म्हणत होतं, कुणी किती ही शांतता म्हणत होतं. त्यात रेबीनचंही नाव होतं. त्याने दोनच शब्द लिहिले होते: समजलो, भाऊ.

नासिहने ते पुन्हा पुन्हा वाचलं. एवढ्या लोकांत ज्याला कळायला हवं त्याला कळलं, असं त्याला वाटलं. परतीच्या वाटेवर तो पिठाच्या पोत्यांवर बसून गाणं गुणगुणत होता.

टॉवर सुरू व्हायला बरेच दिवस गेले. सुरू झाला त्या सकाळी रऊफ ओळखपत्राच्या फोटोसाठी दुकानात बसला होता आणि आपल्या नाकाची कुठली बाजू चांगली यावर नासिहला समजावत होता. तेवढ्यात नासिहचा फोन वाजला. रेबीन होता. बोलत नव्हता, रडत होता.

"नासिह," तो शेवटी म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू? दुसऱ्या कुणाला धीर झाला नसता."

नासिहला काही उमगेना.

"इथे मशिदीत फातिहा पढली, दुवा मागितली. आपल्याकडचे सगळे आले होते. तू काळजी करू नकोस. फक्त तिला कुठे ठेवलंय ते सांग, अब्बांच्या शेजारी ना?"

आमच्याकडे परदेशातल्या माणसाला मरण कळवत नाहीत. आधी म्हणतात बरं नाही, मग म्हणतात दवाखान्यात नेलंय, मग फोन लागत नाही म्हणतात, आणि असे महिने काढतात, कारण एकटा माणूस परक्या मुलखात ते दुःख कुठे ठेवणार? हे नासिहला माहीत होतं. रेबीनलाही. रेबीनने आपल्या घराच्या माळवदावर, अक्रोडाच्या सावलीवरून दुपार कळत असताना, तसाच राहिलेला बर्फ बघितला, धुराड्याचा पत्ता नाही हे बघितलं, दायाचा फोन बंद, गावातला एकही फोन लागेना, आणि त्याने ओळखलं की जे बोलून सांगायचं नसतं ते मित्राने दाखवून सांगितलंय. समजलो, भाऊ.

 नासिह कॅमेऱ्यामागच्या स्टुलावर बसला.

"रेबीन, दाया जिवंत आहे," तो म्हणाला.

 रेबीन अगदी थकून म्हणाला, "आता तूसुद्धा असं बोलणार का रे?"

विश्वास बसणार कसा? असं तर सगळेच सांगतात. नासिह फोन हातात धरून उठला आणि पळत सुटला. बोळातून, मशिदीच्या पायऱ्यांवरून, लोकांच्या माळवदांवरून, अंगणात बसलेल्या बायकांच्या मधून. मागून रऊफ, गळ्यात फोटोसाठी बांधलेला टाय उडवत. कुणीतरी मेलंय असं वाटून आणखी चार माणसं त्यांच्यामागे निघाली.

दाया दारात अक्रोड फोडत बसली होती. धावत येणाऱ्या नासिहकडे तिने बघितलं, त्याच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "गुडघा छान बरा झाला की."

त्याने काही न बोलता फोन तिच्या हातात दिला. आवाज मोठा केलेला होता. तिचा कान मंद होता. रेबीनने दाया म्हणून हाक मारली आणि, खरंच तूच ना, असं पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आधी दायालाही कळलं नाही. मग कळलं तेव्हा तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं. मी मेल्यावर मी स्वतः येऊन सांगेन तुला, तोवर कामावर जा, जेवलास का, तोंड धू. दारात जमलेली माणसं हसायला लागली. हसता हसता काहींनी डोळे पुसले. नासिह भिंतीला टेकून उभा होता. क्षणभर त्याला वाटलं, संपलं, सगळं हसण्यावारी गेलं.

पण रेबीनला मन शांत करून घ्यायचं होतं. तो विचारत होता, मग माळवदावर बर्फ का होता, दाया? दुपारपर्यंत का होता?

"अरे, नासिहचा गुडघा धरला होता," दाया म्हणाली. "वेदना होत होत्या त्याला, तरी लंगडत आला बिचारा. त्याला काही बोलायचं नाही, सांगून ठेवते."

रऊफ दारातच होता. त्याने नासिहकडे बघितलं. त्या दिवशी पहाटे धडधाकट उभं राहून, हे माळवद माझं आहे, म्हणणारा नासिह त्याने बघितला होता. गावाची जीभ, पण त्या वेळी तो एक शब्द बोलला नाही, आणि नासिहला ते टोमण्यापेक्षा जड गेलं. धरणीने पोटात घ्यावं म्हणतात, तसं त्याला झालं. पण पायाखाली धरणी नव्हतीच, उंचवट्याचा कातळ होता.

रेबीनने पुढे काहीतरी विचारलं. दायाने फोन कानापासून दूर केला आणि नासिहकडे बघितलं. "विचारतोय, धुराडं कुठे गेलं म्हणून. धुराडं तर आहे. कुठे जाणार?"

आता काहीतरी सांगता आलं असतं. ढग होता, फोटो जुना आहे, कॉम्प्युटर बिघडला. एवढ्या लोकांपैकी कुणालाच त्यातलं कळत नव्हतं. नासिहने तोंड उघडलं, आणि दायाची बोटं त्याच्या डोळ्यांपुढे आली, ज्यांनी गुडघा चोळला होता ती. त्या बोटांत आता त्याचाच फोन होता.

"मी पुसलं," तो म्हणाला. "धूर फोटोत बरा दिसत नव्हता. बर्फही मीच ठेवला. ऊन यायची वाट बघत होतो. गुडघ्याला काही झालं नव्हतं, दाया."

  दारातल्या एका बाईने ओठांवर पदर घेतला; शापाचा शब्द तोंडात आला की घेतात तसा. मग रेबीन म्हणाला, "बरं. दायाला सांग, संध्याकाळी फोन करतो," आणि ठेवला. तो शिव्या देईल म्हणून नासिहने श्वास धरून ठेवला होता. रेबीनने त्याला तेवढंही दिलं नाही.

माणसं एकेक करून निघून गेली. जाताना नासिहच्या अंगाला कुणाचा धक्का लागला नाही, इतकी जपून गेली. दाया परत अक्रोडांपाशी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "दाखव तरी."

त्याला दाखवायचा नव्हता. पण तिने हात पुढे केला होता. तिने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, परत जवळ आणला.

"माझं घर का हे?"

"हो, दाया."

"सुंदर आहे रे," ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, आणि बराच वेळ बघत राहिली. मग फोन त्याला परत देताना म्हणाली, "पण मी होते ना आत."

नासिहने बोळात परत येऊन, दुकानाच्या दाराशी उभं राहून फोटो आपल्या पानावरून काढून टाकला. त्याने काय होणार? तोपर्यंत तो कुठल्या कुठल्या मुलखात पोचला होता, कुणीतरी कॅलेंडरवरही छापला असेल. चिमनला सगळं गावातूनच कळलं.  रात्री जेवताना त्याच्या गुडघ्याची पट्टी तिने चुलीशेजारून उचलली, झटकली आणि घडी करून म्हणाली, ही दायाची आहे, परत करून ये. ती परत करायला जायचं धैर्य त्याला झालं नाही. कोटाच्या खिशात ती तशीच राहिली. दुकान चालू होतं, लोक फोटोला येत होते, सलाम करत होते. पूर्वी त्याच्याकडे बघून आया पोरांना काहीतरी सांगायच्या, ते मात्र आता कुणी सांगत नव्हतं. रेबीनने दोनदा फोन केला, हवापाण्याचं बोलला. माळवदाचा विषय त्याने काढला नाही आणि नासिहनेही नाही.

वसंताचा सण नवरोज जवळ आला असताना आणखी एकदा बर्फ पडला. हिवाळ्याचा शेवटचा. नासिह त्या रात्री झोपलाच नव्हता. बर्फ थांबायची चाहूल लागताच तो फावडं घेऊन निघाला, इतक्या लवकर की गावात अजून एकाही दाराची कडी वाजली नव्हती. कॅमेरा त्याने मुद्दाम घरी ठेवला होता. आज माळवद असं साफ करायचं की मातीवर पांढरा कण राहायचा नाही, आणि मग खाली जाऊन पट्टी द्यायची आणि जे काही बोलायचं ते बोलायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तो वळणावर आला तेव्हा माळवद अर्ध्याहून जास्त मोकळं झालेलं होतं. वर रऊफ होता आणि रऊफचा भाऊ. ते बर्फ पडत असतानाच चढले असणार. रऊफने त्याला बघितलं, मानेने सलाम केला आणि काम चालू ठेवलं. कोपरखळी नाही, फावड्याला टेकू नाही, काही नाही.

दाया चहाचे पेले घेऊन बाहेर आली. नासिह खाली वाटेवर उभा होता, फावडं दोन्ही हातांत धरून. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या हातांकडेही बघितलं.

"फोटोला निघालास होय?" ती म्हणाली. "जा लेकरा, जा. ऊन येईल आता."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. खूप शोधला असता तरी सापडला नसता.

"हो दाया, तिकडेच निघालोय," नासिह म्हणाला, आणि फावडं घेऊन धारेची वाट चढू लागला.